खुलासा: फोम चिकटवून संगणकाचं कॅबिनेट शांत होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘कॅबिनेटला आतून फोम चिकटवा, पुढची जाळी झाका, आवाज बंद.’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि जाळी झाकणं तर थेट नुकसानीचं.

पातळ फोम चढे, बारीक आवाज थोडे शोषतो. पंख्याची घरघर आणि हार्ड डिस्कची थरथर त्याने अडत नाही. उलट हवा कोंडली की प्रोसेसर तापतो, पंखे वेग घेतात आणि आवाज वाढतो. खरा उपाय वेग उतरवण्यात आहे. तोच पंखा निम्म्या वेगाने फिरला तर आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. म्हणून पुढे मोकळी जाळी, आत हवा घेणारे 140 मिमीचे दोन पंखे, मागे बाहेर टाकणारा एक. अशाने बाहेर जाते त्यापेक्षा जास्त हवा आत येते, आणि धूळ फटींतून न शिरता जाळीमागच्या गाळणीवर अडकते. आपल्याकडच्या तांबड्या धुळीत हे फार महत्त्वाचं. गाळणी मात्र महिन्याला झटकायलाच हवी, कारण चोंदलेली गाळणी म्हणजे झाकलेली जाळीच.

पंखे चार पिनांचे घ्या, म्हणजे त्यांचा वेग संगणकातून ठरवता येतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरच्या 60 अंश तापमानापर्यंत वेग 40 टक्क्यांच्या आसपास ठेवा, पुढे हळूहळू चढवा आणि वेगबदलाला काही सेकंदांचा विलंब द्या. नाहीतर ब्राउझर उघडला तरी पंखा उसळतो. हार्ड डिस्क रबरी वॉशरवर बसवा, स्क्रू करकचून आवळू नका. प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरची उंची आधी ताडून पाहा: 155 मिमी जागेत 158 मिमीचा कूलर घातला तर झाकण लागत नाही.

फोम लावलाच असेल तर बाजूच्या झाकणांवरचा राहू द्या, जाळीवरचा आजच काढा.