हिरवे पाणी जाते कुठे?

आमच्या गाडीचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे हिरवे पाणी, आठवड्याला बोटभर कमी होऊ लागले, तेव्हा ते जाते कुठे हे घरीच शोधून काढण्याचा निश्चय मी केला. आणि तो जुलै महिन्यात, फोंड्यात केला, यावरूनच माझ्या विचारशक्तीची कल्पना यावी. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात या दिवसांत कौले गळतात, पन्हळी गळतात, छत्र्या गळतात. त्यात एका गाडीची गळती वेगळी ओळखणे म्हणजे मांडवीत ओतलेले तांब्याभर पाणी परत मागण्यासारखे होते.

शास्त्रोक्त सुरुवात म्हणून रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरली. कूलंट हिरवे, इंजिन ऑइल काळपट, ब्रेक ऑइल पिवळसर, एवढी विद्या मी संपादन केली होती. सकाळी डाव्या बाजूला ओला डाग दिसताच मी उकिडवा बसून तो बोटाला लावला, हुंगला, उजेडात धरला. ते एसीच्या निचऱ्याचे निर्मळ पाणी होते. समोरच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसलेल्या शेजारच्या काकांनी विचारले, "कितें सांडलां, बाब?" कोकणीत सांडणे म्हणजे हरवणे, प्रश्न दोन्ही भाषांत बिनचूक होता.

खरी अडचण अशी की, थंड इंजिनात दाब नसल्यामुळे बारीक गळती दिसत नाही, आणि गरम इंजिनात दाब असला तरी थेंब तापल्या लोखंडावर पडताच त्याची वाफ होते. शिवाय गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे उकळते पाणी तोंडावर ओढवून घेणे. तेव्हा थंड इंजिनातच बाहेरून हवा भरायची. आमच्या झाकणावर 1.1 असा आकडा आहे, म्हणजे तेवढे बार दाब, टायरच्या मापात सुमारे 16 पीएसआय. एका जुन्या झाकणातली स्प्रिंग काढून, त्याला भोक पाडून मी टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि काटा असलेला पायपंप जोडला. स्प्रिंग काढल्यावर राखीव बाटलीकडे जाणारी बारीक नळी मोकळी राहते, ही बाब मात्र चौथ्या दणक्याला बाटलीचे झाकण उडून हिरवे कारंजे माझ्या लुंगीवर आले तेव्हा ध्यानात आली. कूलंट कुठे जाते याविषयी त्या क्षणी तरी कोणालाही शंका उरली नव्हती.

नळी बंद करून पुन्हा 15 पीएसआय भरले. दहा मिनिटांत काटा 10 वर आला, म्हणजे गळती निश्चित होती. पण बॅटरी आणि दाढीचा आरसा घेऊन पाहिले, तर रेडिएटर, रबरी नळ्या म्हणजे होज, क्लिपा, वॉटर पंप, सगळे कोरडे ठणठणीत. एवढ्यात आमची ही छत्री काढायला गाडीत शिरली आणि म्हणाली, "अहो, इथे आत टपटप आवाज येतोय. महिनाभर सांगतेय, माझ्या पायाखालचं कार्पेट ओलं असतं म्हणून."

ती खरोखरच महिनाभर सांगत होती. ओल्या कार्पेटचे खापर मी तिच्या छत्रीवर फोडले होते, काचेवर आतून धरणाऱ्या चिकट धुक्याचे पावसावर, आणि गोडसर वासाचे मागच्या सीटवर विसरलेल्या फणसावर. गळत होता तो हीटर. दहा वर्षांत जो आम्ही एकदाही लावला नव्हता, तो हीटर! त्याची कळ निळ्यावर असली तरी आमच्या गाडीत कूलंट त्याच्या जाळीतून फिरतच असते. कळ फिरवल्याने फक्त हवेची वाट बदलते.

मेस्त्रीने "गोंयांत हीटर कित्याक?" असे म्हणून दोन्ही होज एकमेकांना जोडून हीटरला कायमचे वगळले, आणि काम अर्ध्या तासात संपले. कार्पेट मात्र धुऊन पाच दिवस वाळत घातले तरी पिळावे तसेच राहिले. शेवटी काकांनाच दया आली. ते म्हणाले, "अहो, सोपं आहे. कार्पेट गाडीत अंथरा, काचा किंचित उघड्या ठेवा आणि तासभर हीटर लावा."