‘५० रुपयांच्या स्टिकरचे हजारो रुपये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

मुलाच्या इटलीतल्या लग्नाची कागदपत्रं तुम्ही आमच्याकडून करून घेतलीत, त्यावरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत. ५० रुपयांच्या स्टिकरसाठी आम्ही हजारो रुपये घेतले. चांगलाभला जन्मदाखला बदलायला लावून आठवडे घालवले. आणि एवढं करूनही तुमच्या मुलाला मिलानमध्ये आणखी एका शिक्क्यासाठी पळावं लागलं. नाव-गाव न घेता उत्तर देते, कारण हे वाचणाऱ्यांत मुलांची लग्नं परदेशात ठरलेले आईवडील बरेच असतात.

पैशांचं आधी उरकते. ते स्टिकर म्हणजे अपॉस्टिल, कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते. त्याची सरकारी फी कागदामागे ५० रुपयेच आहे, आणि पावतीवर ती वेगळ्या ओळीत लिहिलेली आहे. पण परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं. त्याच्याही आधी राज्य सरकारची पडताळणी लागते. शिवाय इटालियन भाषांतर, तुम्हा दोघांच्या प्रतिज्ञापत्राचा स्टॅम्पपेपर, नोटरी. उरलेली आमची फी. ती तुम्हाला काम घेतानाच सांगितली होती, त्यामुळे परत देण्याचा प्रश्न येत नाही.

आता जन्मदाखला. तुम्ही फोल्डरमधून काढलात तेव्हा तो खरंच छान दिसत होता, लॅमिनेट केलेला, एक सुरकुती नाही. (लॅमिनेट केलेला कागद या कामाला चालत नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) पण आईच्या रकान्यात काकूंचं माहेरचं नाव होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, प्रसूतिगृहात माहिती दिली आजोबांनी, आणि त्यांनी लेकीचं नाव आपल्या सवयीने सांगितलं. लग्नात काकूंचं पहिलं नावही बदललेलं. म्हणजे दाखल्यावरची आई आणि मुलाच्या पासपोर्टवरची आई या कागदोपत्री दोन वेगळ्या बायका. आपल्याकडे हे घरोघरी आहे, कुणाला खटकतही नाही.

इटलीत खटकतं. तिथल्या नागरी संहितेच्या कलम ११६ प्रमाणे परदेशी माणसाला आपल्या देशाकडून ‘लग्नाला हरकत नाही’ असं पत्र आणावं लागतं. त्याला नुल्ला ओस्ता म्हणतात. त्या पत्रात आईवडिलांची नावं असतात. तुम्ही म्हणालात, ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं अ‍ॅफिडेव्हिट करून टाका, शेजारच्यांच्या मुलीचं तसंच झालं. कुठे कुठे चालतं, मी नाही म्हणत नाही. पण हॉल बुक झालेला, इथून वऱ्हाड निघणार, अशा वेळी तिथल्या कारकुनाच्या मर्जीवर तारीख सोडायला मी तयार नव्हते.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. अपॉस्टिल म्हणजे खालची सही आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही. वरच्या मजकुराशी त्याचं देणंघेणं नाही. तुमच्या जुन्या नोंदीच्या दाखल्यावरही ते निमूट लागलं असतं. बिल कमी झालं असतं, काम लवकर संपलं असतं, आणि निदान कागद मिलानला पोचेपर्यंत तरी आम्हाला पाच स्टार मिळाले असते.

वेळ गेला तो दुरुस्तीत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मूळ नोंद खोडता येत नाही. निबंधक समासात दुरुस्ती लिहून खाली सही आणि तारीख घालतात, तीही पुरावा बघून. काकूंचं नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत तुमच्याकडे होती, लग्नाचा दाखला नव्हता, कारण तुमचं लग्न कधी नोंदवलंच गेलं नव्हतं. मुलाच्या लग्नासाठी आधी आईबापाचं लग्न नोंदवावं लागतंय, यावर तुम्ही आमच्याच ऑफिसात बसून हसला होतात. लग्न लावणारे गुरुजी आता हयात नाहीत. काकूंनी पत्रिका आणि हार घातलेला तो फोटो जपून ठेवला होता, म्हणून निभावलं. रिव्ह्यूमध्ये यातलं काहीच आलेलं नाही.

मुलगा अविवाहित असल्याचं तुम्हा दोघांचं प्रतिज्ञापत्रही आम्ही मुद्दाम शेवटी केलं. तो कागद जितका ताजा तितका बरा.

राहिला मिलानचा शिक्का. नुल्ला ओस्ता देतं तिथलं आपलं वाणिज्य दूतावास, आणि अपॉस्टिलची पद्धत ज्यातून आली त्या ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने पहिल्याच कलमात वकिलातींचे कागद वगळले आहेत. त्यांना अपॉस्टिल लागतच नाही. ते पत्र घेऊन प्रेफेत्तुरा या सरकारी कार्यालयात जायचं, १६ युरोचं महसुली तिकीट लावायचं आणि तिथल्या अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायचं. हे मुंबईतून होत नाही. मुलाला पाठवलेल्या यादीत ही पायरी लिहिलेली आहे, त्याला विचारून बघा.

तुमच्या लग्नाच्या दाखल्याची मूळ प्रत अजून आमच्याकडेच आहे, शनिवारी दुपारपर्यंत केव्हाही न्या. आणि मुलाला सांगा, लग्न झाल्यावर इटलीतून निघण्याआधीच तिथल्या विवाहदाखल्यावर त्याच प्रेफेत्तुरामधून अपॉस्टिल करून घे. पुढे पासपोर्टवर बायकोचं नाव घालायला तो दाखला कामी येईल, आणि इटलीच्या दाखल्यावरचं अपॉस्टिल इटलीतच मिळतं. आम्हीच काय, मुंबईत कुणीच ते करून देऊ शकत नाही.