खवल्या मांजर विकायचंय? आधी वकील बघून ठेवा

बांधावर किंवा डोंगराच्या उतारावर खवल्या मांजर दिसलं की आधी गावभर बातमी करा. पाटण असो, जावळी असो की शिराळा, ‘पुण्याची पार्टी’ ओळखीची असलेला एक इसम सापडतोच. ही पार्टी कोटीच्या खाली बोलत नाही. तिनं कुणाच्या हातावर रोकडा ठेवल्याचं ऐकिवात नाही, पण शंका काढू नका. कमिशनची भांडणं आत्ताच उरका. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हा धंदा असाच चालतो.

जनावर पोत्यात भरा. ते चावत नाही, तोंडात दातच नाहीत. भ्यालं की अंगाचा गोळा करून पडून राहतं. खायला दूध ठेवा, केळं ठेवा, चपाती कुस्करा. ते तोंड लावणार नाही. त्याला मुंग्या आणि वाळवी लागते, तीही रात्री स्वतः वारूळ उकरून काढलेली. त्यामुळे गिऱ्हाईक येईपर्यंत माल पोत्यातच मरायला टेकतो. शेपटीच्या बुडाशी पिल्लू चिकटलेलं दिसलं तर भाव वाढवा. मादीला एका वेळी बहुधा एकच होतं, म्हणजे माल दुर्मीळच!

खवल्यांचा गुण काय, असं कुणी विचारलं तर औषधी म्हणून ठोकून द्या. आपल्या केसांत-नखांत जे केराटिन असतं, तेच त्यात. हे खवले औषधात वापरणाऱ्या खुद्द चीननं २०२० साली ते औषधकोशातून वगळले, हे पार्टीला सांगू नका. केराटिनला भाव असता तर न्हाव्याच्या दुकानातला केरही कोटीत गेला असता.

घासाघीस न करता भाव मान्य करणारं गिऱ्हाईक भेटलं की देवाला नारळ फोडा आणि हायवेच्या धाब्यावर पोतं घेऊन हजर व्हा. गाडी स्वतःचीच न्या, हप्ते चालू असतील तर उत्तम. वनविभागानं किंवा पोलिसांनी पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक निघालं तर गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी कलम ३९ नुसार सरकारची होते. हप्ते मात्र तुमचेच राहतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. कलम ५१ प्रमाणे कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, वर दंड किमान २५,००० रुपये. ‘पोत्यात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं’ हे कोर्टात जरूर सांगा. फक्त कलम ५७ मुळे, माल तुमच्या ताब्यात होता एवढं ठरलं की तो बेकायदा नव्हता हे तुम्हीच सिद्ध करायचं. पकडायला गेलात आणि सापडलं नाही, तरी सुटका नाही: प्रयत्नसुद्धा शिकारीतच मोजतात. नुसते खवले असले तर डीएनए तपासणी आहेच.

एवढी धावपळ नको असेल तर खवल्या मांजर संपवायचे घरबसल्या मार्गही आहेत. फाल्गुनात डोंगराला काडी लावा, ‘गवत चांगलं येतं’ म्हणायला शेजारी तयारच असतो. प्लॉट पाडायला जेसीबी लावा आणि बिळासकट उतार सपाट करा. उसातल्या वाळवीवर क्लोरपायरीफॉसचे डबे विकत आणा. तीच वाळवी फुकट खाणारा गडी जवळपास फिरत असेल, पण तो बिल देत नाही, त्यामुळे त्याचा काय भरवसा?

आणि हो, वनविभागाचा १९२६ हा नंबर चुकूनही लावू नका. फोनला पैसे पडत नाहीत, माणसं येऊन जनावर सांभाळून नेतात आणि त्यात कुणालाच कमिशन सुटत नाही. कुत्री बांधून ठेवायची चूकही करू नका. कुत्री बांधलेली असली तर अंधार पडला की जनावर आपलं आपण निघून जातं, आणि पुण्याच्या पार्टीला काय तोंड दाखवणार?