शुगरवर अमृतकोकम? आधी बाटलीची मागची बाजू वाचा

कणकवलीच्या काकूने एक फॉरवर्ड पाठवलाय, तोच जो महिनाभर सगळ्या ग्रुपवर फिरतोय. "कोकणातल्या पूर्वजांना डायबेटीस का नव्हता? रोज अमृतकोकम! १००% नैसर्गिक, लाखोंचा अनुभव, जीआय मानांकन, सरकारमान्य. गोळ्या विसरा." खाली ऑर्डरचा नंबर. हसून सोडून दिलं असतं, पण काकूने दोन बाटल्या मागवल्या, आठवड्याने गोळ्या खरंच सोडल्या आणि पंधरा दिवसांत उपाशीपोटी शुगर २८० वर गेली. म्हणून डोकं फिरलंय.

अहो, अमृतकोकम म्हणजे काय? मे महिन्यात ज्यांच्या पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतात त्यांना माहितीये. बरणीत सालींचा थर, त्यावर साखर, परत साल, परत साखर, तोंडाला फडकं बांधून उन्हात. आमच्याकडे किलोभर सालीला दोन किलो साखर जाते, आणि सुटतो तो पाक म्हणजे तुमचं "औषध". काकूने जन्मभर स्वतःच्या हाताने हे केलंय, तरी छापील बाटलीवर विश्वास! मी लेबलचा फोटो मागवून झूम करून वाचला, घटकांत पहिलंच नाव साखर. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे, म्हणजे बाटलीत सगळ्यात जास्त काय, तर साखर. आणि हे विकतायत कोणाला, तर शुगरवाल्यांना.

नैसर्गिक म्हणे. काजऱ्याची विषारी बी पण नैसर्गिकच, खाऊन दाखवा.

पूर्वजांना डायबेटीस नव्हता हे तपासलं कोणी? आजोबांच्या काळात गावात शुगर तपासायचं मशीन कुठे होतं? आणि ते कोकम खायचे तसे बाजारालाही अनवाणी चालत जायचे, मग श्रेय कोकमालाच का, चप्पल न घालण्याला का नाही?

लाखोंच्या अनुभवावर काकू मलाच म्हणते, "एवढी माणसां खोटी बोलतत काय रे?" खोटं नाही गो काकू. पहिल्या आठवड्यात तुझीही शुगर थोडी उतरलीच होती, पण तेव्हा गोळ्या चालू होत्या आणि चहातली साखर तू बंद केलेलीस, नाव मात्र बाटलीचं झालं. ज्यांची वाढली ते कशाला अनुभव लिहायला जातील, ते दवाखान्यात असतात.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, खरंय, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आहे, अभिमानच आहे. पण ते माल कुठला ते सांगतं. हापूसलाही जीआय आहे, खा मग रोज चार. आणि सरकारमान्य म्हणजे तो १४ आकडी एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नंबर, तो खाण्याच्या वस्तूचा परवाना, औषधाचा नव्हे. उलट १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा बघा, ज्या आजारांवर इलाज म्हणून जाहिरातच करायची नाही त्या यादीत डायबेटीस नावानिशी आहे, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता एवढं मान्य, भर उन्हातून आल्यावर कोकम सरबतासारखं दुसरं काही नाही. गोड नको तर आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा खारा रस, घ्या, पण त्यात मीठ बक्कळ, बीपीवाल्यांनी ते पण जपूनच.

काकूला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या परत सुरू झाल्यात. उरलेली दीड बाटली पाहुण्यांच्या सरबताला चाललीये, चव चांगली आहे म्हणतात.