‘मोबाइल म्हणजे कोकेनच’: त्या दोन फोटोंबद्दल

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. मेंदूचे दोन फोटो, दोन्हींत लाल-पिवळे ठिपके. एकाखाली ‘कोकेन’, दुसऱ्याखाली ‘मोबाइल’. मजकूर असा: दोन्ही मेंदू सारखेच असल्याचं एमआरआयनं सिद्ध झालंय, मोबाइलनं मुलांच्या मेंदूचं वायरिंग कायमचं जळतं, आजच फोन काढून घ्या. ज्या काकूंनी तो पाठवला त्यांचा नातू रात्री दोनपर्यंत गेम खेळतो. त्यांची काळजी खरी आहे. मेसेज मात्र चुकीचा आहे, आणि आमच्या घरानं दारू पाहिलेली असल्यामुळे मला तो नुसता पुढे सरकवता येत नाही.

आधी ‘वायरिंग’. फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल टिपतो. माणूस यंत्रात नुसता पडून असताना मेंदूच्या दोन भागांतले हे चढउतार कितपत एका लयीत होतात, ते पाहून त्या भागांची ‘जोडणी’ घट्ट की सैल हे ठरवतात. १९९५ साली भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बोटंही हलत नसताना मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूचे हालचालीचे भाग एका लयीत चालतात. म्हणजे ही जोडणी हा आकडेवारीतला संबंध आहे. त्यात जळायला तार नाही. फोटोतले रंगही बहुतेक वेळा एका माणसाचे नसतात. एका गटाची सरासरी दुसऱ्या गटाशी ताडून ते भरलेले असतात, आणि अशा अभ्यासांत माणसं साधारण पंचवीसच असतात. माणसामाणसांतल्या वागण्याच्या फरकांचा मेंदूच्या स्कॅनशी खात्रीनं संबंध लावायचा तर हजारो माणसं लागतात, हे २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं. तेव्हा असा फोटो काकूंच्या नातवाबद्दल काहीही सांगत नाही.

‘दोन्ही मेंदू सारखेच.’ यात थोडं खरं आहे, आणि ते मला झाकायचं नाही. ओढ लावणारा मेंदूच्या आतला भाग, स्ट्रायटम, आणि लगाम धरणारा कपाळामागचा भाग यांच्या जोडणीत नशा करणाऱ्यांच्या गटांत फरक सापडतात, तसे जुगार आणि गेमिंगच्या गटांतही सापडतात. पार्किन्सनच्या काही रुग्णांना प्रॅमिपेक्सोलसारखी, डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचं काम करणारी औषधं सुरू झाल्यावर जुगाराचा नाद लागला आणि औषध कमी करताच तो बऱ्याचदा सुटलाही. म्हणूनच २०१३ साली अमेरिकी मानसोपचाराच्या डीएसएम-५ या नियमावलीनं जुगाराला दारू-ड्रग्जच्या प्रकरणात घेतलं.

पण काही दुवे जुळले म्हणून मेंदू एक होत नाही. कोकेन डोपामीन परत ओढून घेणारा पंपच अडवतं. जुगारात बाहेरून काहीच रसायन जात नाही. कोकेन घेणाऱ्यांत डोपामीनचे डी-२ रिसेप्टर, म्हणजे ते रसायन टिपणारे पेशीवरचे बिंदू, कमी दिसतात. जुगाऱ्यांत बहुतेक अभ्यासांना तशी घट सापडलेली नाही. दारू तर पेशींना थेट इजा करते, वर थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता. संशोधक नशा आणि जुगार ही दोन व्यसनं शेजारी ठेवतात ती याचसाठी: नशेच्या विषानं काय झालं आणि सवयीनं काय झालं, हे वेगळं काढता यावं. मेसेजनं नेमका तो फरकच पुसून टाकला.

‘मोबाइलनं झालं’ हे कशावरून? केंब्रिजच्या कॅरेन एर्श यांनी २०१२ साली उत्तेजक ड्रग्जच्या आहारी गेलेली ५० माणसं आणि त्यांची व्यसन नसलेली सख्खी भावंडं तपासली. मेंदूतले काही फरक दोघांतही निघाले. म्हणजे फरक आधीपासूनही असू शकतो. आणि ‘कायमचं’ हा शब्द तर ड्रग्जलाही सरसकट लागू नाही: मेथॲम्फेटामिन हे उत्तेजक ड्रग सोडून वर्ष उलटलेल्यांत घटलेले डोपामीन ट्रान्सपोर्टर, म्हणजे डोपामीन परत ओढणारे तेच पंप, बऱ्याच अंशी वाढलेले २००१ सालीच दिसले होते.

राहिलं ‘आजच काढून घ्या’. दादानं एका रविवारी कुणालाच न विचारता दारू बंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला चहाचा स्टीलचा पेला धरता येईना. चहा बशीत ओतून मी त्याच्या तोंडाशी धरला, तर दात बशीवर वाजत होते. रात्री फिट आली, जीभ चावली गेली. नशा थांबल्यावर शरीराला होणाऱ्या या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं ते ब्राउन शुगरच्या पोरांसाठी; तिथं माणूस नेलेल्या घरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माझ्या भाच्याचा फोन काढून घेतला तेव्हा त्यानं दार आपटलं, आणि दोन तासांनी येऊन पोहे मागितले. या दोन गोष्टींना एकच नाव दिलं तर दादासारख्याला कुणीतरी घरातच कोंडून दारू ‘सोडवायला’ जाईल. दारू रोज पिणाऱ्याची एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी.

गेमिंगचा विकार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तो आहे, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण बारा महिने. ‘मोबाइलचं व्यसन’ असा आजार त्यात नाही. निदान माणसाशी बोलून होतं, स्कॅननं नाही.

काकूंना मी फोन करून हेच विचारलं: काकू, तो शाळेत जातो ना, जेवतो ना? “जातो गं, जेवतोही. पण रात्रीच खेळतो. त्याचा तो मित्र आईवडिलांबरोबर कॅनडाला गेला ना, तो त्याच वेळी ऑनलाइन असतो.”