रडायचं वर्कशॉप

अभिनयाचं कुठलंही वर्कशॉप घ्या, शेवटच्या दिवशी डेमो असतो आणि डेमोत कोणीतरी रडतंच. लाइट बंद करतात, हळू आवाजात म्युझिक लावतात, सर म्हणतात डोळे मिटा आणि आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस आठवा, आणि दहा मिनिटांत निम्मी बॅच हुंदके द्यायला लागते, पालक टाळ्या वाजवतात, सरांचेही डोळे भरून येतात. सगळे खूश. ज्याला रडू आलं नाही तो बिचारा कोपऱ्यात बसून ठरवून टाकतो की हे आपलं काम नाही.

मला या प्रकाराचा राग येतो, स्पष्टच सांगतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना जुनं दुखणं उकरायला लावायचं आणि नंतर त्यांना सावरायचं कसं हे शिकवणाऱ्यालाच माहीत नसतं, हा गंभीर विषय आहे, पण तो आज बाजूला ठेवतो. निव्वळ कामाच्या हिशोबाने बघितलं तरी हे ट्रेनिंग स्टेजच्या फारसं कामाचं नाही. कारण साधं आहे. नाटक उद्या परत असतं. आणि परवा परत. कॅमेऱ्यासमोर तो क्षण एकदा सापडला, टेक ओके झाला, विषय संपला. स्टेजवर तोच प्रवेश, तीच वाक्यं, तीच खुर्ची, आणि आज तुमचं डोकं दुखतंय, समोरच्या नटाचं लक्ष नाहीये, हॉल अर्धा रिकामा आहे, तरीही आज पहिल्यांदाच आलेल्या माणसाला ते आत्ता घडतंय असंच वाटलं पाहिजे. आणि आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस रोज आठवला की तो पंधराव्या प्रयोगापर्यंत झिजतो. आठवण राहते, पण त्यावर काही होत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं ज्याच्या नावावर खपवतात त्या रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीचा मूळ प्रश्न हाच होता. मॉस्को आर्ट थिएटर त्याने आणि नेमिरोविच-दानचेन्कोने १८९८ साली सुरू केलं. १९०० मध्ये इब्सेनच्या नाटकातला डॉक्टर स्टॉकमन त्याने केला आणि ती त्याची गाजलेली भूमिका झाली. पुढे १९०६ च्या उन्हाळ्यात तो थकून फिनलंडला गेला, तिथे समुद्राकाठी बसून आपल्या भूमिका आठवत होता आणि त्याच्या लक्षात आलं की स्टॉकमनची ती चाल, ती पुढे काढलेली दोन बोटं, सगळं जसंच्या तसं उरलंय पण ते कशातून आलं होतं ते कधीच निघून गेलंय. शरीर सवयीने काम करत होतं आणि आत काहीच नव्हतं. त्याची ती प्रसिद्ध 'सिस्टिम', म्हणजे अभिनय शिकवायची पद्धत, या घाबरण्यातून सुरू झाली. म्हणजे रडू कसं आणायचं हा त्याचा प्रश्नच नव्हता. काल जे जमलं ते आज परत कसं जिवंत करायचं, हा होता.

हो, भावनिक स्मृतीचे, म्हणजे स्वतःची जुनी आठवण जागवून भावना आणायचे, प्रयोग त्याने केले. पण सुरुवातीला. नंतर तो त्यापासून बराच लांब गेला आणि ते लांब जाणं जगापर्यंत पोचलंच नाही, किंवा फार उशिरा पोचलं. याचं एक कारण तर निव्वळ छापखान्यातलं आहे. त्याच्या डोक्यात आतलं काम आणि शरीर-आवाजाचं काम एकत्र होतं, पण इंग्रजीत त्याच्या पुस्तकाचा पहिला भाग, आतल्या कामाचा, आला १९३६ मध्ये आणि दुसरा १९४९ मध्ये. मधली तेरा वर्षं लोक अर्ध्या पुस्तकावर क्लास घेत होते! आणि पहिल्या भागाचा आपला लाडका धडा कुठला, तर भावनिक स्मृती.

न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरमध्ये (सुरू १९३१) नटांना शिकवणारा दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग त्यावरच भर देत होता. तिथलीच नटी स्टेला ॲडलर, तिला हा प्रकार जाचायला लागला होता, ती १९३४ मध्ये पॅरिसला थेट स्तानिस्लावस्कीलाच भेटली, काही आठवडे त्याच्यासोबत काम केलं आणि परत येऊन सांगितलं की बाबांनो, म्हातारा आता हे करत नाही, तो नाटकातल्या परिस्थितीवर आणि कृतीवर काम करतोय. स्ट्रासबर्गला ते पटलं नाही. दोघांचे रस्ते वेगळे झाले. स्ट्रासबर्गला मी अगदीच मोडीत काढत नाही, क्लोजअपसाठी त्याच्या पद्धतीने मोठे नट दिलेत. पण आपण त्या भांडणातली एकच बाजू उचलली आणि तीही ऐकीव.

तर मग कृती म्हणजे काय? समजा प्रवेश असा आहे की बाई एकटी आहे आणि पत्र येतं, पत्रात वाईट बातमी. वर्कशॉपवाली नटी पाकीट हातात येताच चेहरा तयार करते, कारण तिला शेवट माहीत आहे. आता तिला सांगा, भावना विसर, काम कर. अक्षर ओळख. आत्ताच उघडायचं का हातातलं काम संपवून, ते ठरव. कडेने फाडायचं की घाईत? पहिली ओळ वाच, चष्मा लागतो का? ज्या ओळीत बातमी आहे तिथे परत जा, खरंच तेच लिहिलंय ना बघ. घडी घाल, आधी होती तशीच. बास. ही साखळी रोज करता येते, ताप असला तरी करता येते, आणि करता करता आत काहीतरी हलतं. एखाद्या दिवशी नाहीच हललं तरी प्रेक्षकाला पूर्ण प्रवेश मिळतो. म्हातारपणी स्तानिस्लावस्की याच रस्त्याने काम करत होता, शारीरिक कृतींची पद्धत म्हणतात ती.

आल्फ्रेड लंट आणि लिन फाँटॅन या नट जोडप्याचा एक किस्सा सांगतात. लंट एका वाक्यात चहा मागायचा आणि त्यावर हमखास हशा यायचा, पुढे तो यायचाच बंद झाला. त्याने बायकोला विचारलं माझं काय चुकतंय, ती म्हणाली तू आता हशा मागतोयस, चहा माग. अभिनयावरच्या जाड पुस्तकांपेक्षा मला हा किस्सा जास्त उपयोगी वाटतो, आणि जे हशाला लागू तेच रडण्यालाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे ऐकणं. तालमीत कधीतरी बोलणाऱ्याकडे न बघता गप्प उभ्या असलेल्या नटाकडे बघा. तो ऐकत नसतो, तो क्यूची, म्हणजे आपलं वाक्य सुरू करायच्या खुणेची, वाट बघत असतो, शेवटचे दोन शब्द कानावर पडले की याची टेप सुरू. समोरच्याने आज वाक्य वेगळं टाकलं, चिडून टाकायचं ते थकून टाकलं, तरी याचं उत्तर कालच्याच पट्टीत. सॅनफर्ड माइस्नर, हाही ग्रुप थिएटरचाच, त्याने यासाठी एक व्यायाम काढला. दोघांनी समोरासमोर बसायचं, एक म्हणणार 'तू हसतोयस', दुसरा म्हणणार 'मी हसतोय', आणि तेच तेच वाक्य फिरवत राहायचं, स्वतःहून रंग भरायचा नाही, समोर जे बदलेल तेच आपल्याला बदलू द्यायचं. बघायला अत्यंत कंटाळवाणं. डेमोत ठेवलं तर पालक फी परत मागतील. पण रोज नवं असं स्टेजवर एकच असतं, समोरचा माणूस, त्यामुळे शंभराव्या प्रयोगाचा उपाय तिथेच आहे.

आणि आपल्याकडे भरतमुनीचं नाव घेऊन 'भाव' 'भाव' करणाऱ्यांनी नाट्यशास्त्र उघडून बघावं. सात्त्विक भाव, म्हणजे आतलं शरीरावर उमटतं ते, आठ आहेत, स्तंभ (जागच्या जागी थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (थरथर), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). अश्रू त्यातला एक. आणि शरीराचा हिशोब किती बारीक, डोक्याच्या हालचाली तेरा, दृष्टी छत्तीस. नुसतं बघायचं कसं याचे छत्तीस प्रकार! आपल्या डेमोत सगळ्यांचे डोळे मिटलेलेच असतात.

मग रडायचंच नाही का, असं कोणीतरी विचारणारच. रडा की. आलं तर येऊ दे. फक्त खरं रडताना काय होतं ते एकदा आरशासमोर बघा, नाक चोंदतं, गळा आवळतो, श्वास वर छातीत अडकतो आणि आवाज पुढे जायच्याऐवजी घशातच राहतो. म्हणून श्वासाचं काम आधी. बरगड्या मोकळ्या, वाक्याच्या शेवटापर्यंत पुरेल एवढी हवा, व्यंजनं स्वच्छ. मराठीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' त्याच्याही नंतर, आणि भावनेत बुडालेला नट नेमका वाक्याचा शेवटच गिळतो. अशी एक नायिका मी बघितलीय, अश्रू अगदी खरे, विंगेतले लोकही हेलावलेले, नवऱ्यासमोर उभी राहून ती म्हणाली 'मी हे घर सोडून जाणार...' आणि पुढचं हुंदक्यात गेलं. सहाव्या रांगेच्या मागे कोणालाच कळलं नाही की बाई जाणारे का राहणारे, मध्यंतरात लोक एकमेकांना तेच विचारत होते.