लक्षद्वीपला लोकसभेचा काय फरक पडतो म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यापासून आमच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, नातेवाईकांच्या, शाळेच्या बॅचच्या आणि गावच्या. मजकूर थोडक्यात असा: लक्षद्वीपमध्ये माणसं जेमतेम 65 हजार, चहूबाजूला समुद्र, खायला मासे आणि नारळ, दिल्लीत कोणीही बसो त्यांना काडीचा फरक पडत नाही. तरी त्यांना अख्खा एक खासदार आणि आपल्या नंदुरबारच्या 19 लाखांवर मतदारांनाही एकच. गावातलं बघायला त्यांची पंचायत आहेच. आणि टुरिझमला विरोध करतात म्हणून मागे राहिलेत. शेवटी, सहमत असाल तर पुढे पाठवा. माझ्या रावेरच्या मावसभावानेही पाठवला, भाऊ मनाने चांगला आहे, त्याला वाटलं माहितीचा मेसेज आहे. म्हणून ग्रुपवर भांडत न बसता हे सगळं एकदाच लिहून टाकतोय.

पहिलं वाक्य घेऊ, दिल्लीत कोणीही बसो फरक पडत नाही. भाऊ, तुझ्या केळीवर करपा आला, विम्याचे पैसे अडकले तर तू कोणाकडे जातो? आधी आमदाराकडे, मग पालकमंत्री, मग जळगावला कलेक्टर ऑफिसवर मोर्चा, अधिवेशनात कोणीतरी प्रश्न मांडतो, मुंबईतून काहीतरी हलतं. खासदार आणि दिल्ली आपल्यासाठी शेवटचा दरवाजा. लक्षद्वीपला हे मधलं काहीच नाहीये. विधानसभा नाही, आमदार नाही, मुख्यमंत्री नाही, राज्यसभेची जागा पण नाही. केंद्रशासित प्रदेश, प्रशासक नेमतात राष्ट्रपती, म्हणजे खरं तर दिल्लीतलं सरकार, आणि घटनेच्या कलम 240 प्रमाणे तिथल्यासाठी राष्ट्रपतींच्या सहीने नियम काढता येतात ज्यांना कायद्याचीच ताकद असते. आपल्याला तीन-चार वेळा मत देऊन जे मिळतं ते त्यांच्यासाठी लोकसभेच्या एका मतात अडकलेलं आहे. मग फरक कोणाला जास्त पडणार, आपल्याला की त्यांना?

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. डिसेंबर 2020 मध्ये तिथे प्रफुल खोडा पटेल प्रशासक झाले (हे आपले गोंदियाचे प्रफुल्ल पटेल नव्हेत, गुजरातचे माजी गृहराज्यमंत्री, हे सांगावं लागतं कारण एका ग्रुपवर यावरूनच वाद झाला). 2021 मध्ये एकामागून एक मसुदे आले. विकासासाठी कोणाचीही जमीन ताब्यात घेता येईल असा एक, माणसाला एक वर्षापर्यंत डांबून ठेवता येईल असा एक, दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर पंचायतीला उभं राहता येणार नाही असा एक. शाळेच्या जेवणातून मांस काढलं, सरकारी डेअरी बंद करायची ऑर्डर निघाली. 7 जून 2021 ला लोकांनी घराघरात 12 तासांचं उपोषण केलं. डेअरी आणि जेवणाच्या ऑर्डरला केरळ हायकोर्टाने स्टे दिला होता, पण पुढे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने धोरणाचा विषय म्हणून याचिका फेटाळली. म्हणजे तोही मार्ग संपला.

इथे कोणी म्हणेल की दोन मुलांची अट तर आपल्या महाराष्ट्रातही आहे. आहेच की. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं म्हणून सरपंचकी गेलेली माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. पण तो कायदा आपल्या विधानसभेत झाला, आपल्या आमदारांनी हात वर केले, नको असेल तर पुढच्या वेळी तो आमदार घरी बसवता येतो. तिथे हात वर करणाराच कोणी नव्हता. अट चांगली की वाईट यावर आपण नंतर बोलू, ती घालणाऱ्याला तुम्ही मत देऊन विचारू शकता का, मुद्दा तो आहे.

आता समुद्र आपल्याला लांबचा वाटतो, पण पाण्याने वेढलेली माणसं खान्देशातच आहेत. मी मास्तर माणूस, इलेक्शन ड्युटी चुकत नाही. एकदा नर्मदेच्या काठच्या गावाला ड्युटी लागली, मशीनच्या पेट्या मांडीशी धरून बार्जमधून गेलो, वर सातपुडा आणि खाली धरणाचं पाणी. राज्याचं एक नंबरचं मतदान केंद्र मणिबेली त्याच पट्ट्यात आहे, अक्कलकुव्याच्या टोकाला. दवाखाना पण पाण्यावर तरंगत येतो. तिथले लोक दिल्लीचं सरकार फार जवळून ओळखतात. 26 मे 2014 ला नवीन सरकारचा शपथविधी झाला आणि 12 जूनला सरदार सरोवराची उंची 121.92 वरून 138.68 मीटर करायला परवानगी निघाली. मोजा, 17 दिवस. 2017 ला दरवाजे बंद झाले, 2019 ला धरण पूर्ण भरलं. नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा-धडगावची 33 गावं या धरणात बाधित. कोणाला वाटेल चांगलं झालं, गुजरातला पाणी मिळालं, वाटू द्या, पण त्या काठावर उभं राहून कोणी म्हणून दाखवावं की देशाच्या निवडणुकीचा छोट्या गावाला फरक पडत नाही. मी ज्यांच्या ओट्यावर जेवलो त्यांनी हाताने दाखवलं होतं, शेत तिथे होतं, आणि तिथे पाणी होतं.

दुसरा मुद्दा, एवढ्याशा लोकांना अख्खा खासदार. आकडा खरा आहे. 2024 ला तिथे मतदार 57 हजारांच्या आसपास आणि नंदुरबारला त्याच्या तीस पटीहून जास्त. पण त्यांचा एक आणि आपला एक ही तुलनाच चुकीची, कारण आपल्या एका खासदाराखाली सहा आमदार, झेडपी, राज्यसभेत राज्याचे 19, एवढी फौज आहे. त्यांचा तो एक गेला की सगळंच गेलं. असं झालंय पण. जानेवारी 2023 मध्ये तिथले खासदार मोहम्मद फैजल यांना खुनाच्या प्रयत्नाच्या केसमध्ये शिक्षा झाली आणि दोन दिवसांत खासदारकी रद्द, 27 फेब्रुवारीची पोटनिवडणूक पण जाहीर, मग हायकोर्टाचा स्टे, पोटनिवडणूक थांबली, आणि पद परत मिळायला 29 मार्च उजाडला. अडीच महिने त्या लोकांच्या वतीने दिल्लीत बोलायला एक माणूस नव्हता. आपल्याकडे खासदार नसला तर आपल्याला कळत सुद्धा नाही खरं सांगायचं तर.

आणि मताची किंमत त्यांना कळते. पी. एम. सईद 1967 पासून सलग 10 वेळा निवडून आले (आपल्या माणिकराव गावितांची नंदुरबारची 9 वेळ आठवा), आणि 2004 ला पडले ते 71 मतांनी. आपल्या एका लग्नात जेवायच्या पहिल्या पंगतीला याहून जास्त माणसं असतात. 2019 ला फैजल राष्ट्रवादीकडून, म्हणजे आपल्याच घड्याळावर, 823 मतांनी आले. 2024 ला शरद पवार गटाकडून उभे होते तर काँग्रेसच्या हमदुल्ला सईद यांनी 2,647 मतांनी पाडलं, हे त्याच पी. एम. सईदांचे चिरंजीव. मतदान 84 टक्क्यांच्या आसपास. फरक पडत नाही असं ज्यांना वाटतं ती माणसं एवढ्या उन्हात रांगेत उभी राहत नाहीत.

पंचायतीचं थोडक्यात सांगतो. मे 2021 मध्येच शिक्षण, आरोग्य, शेती, मासेमारी आणि पशुसंवर्धन ही खाती जिल्हा पंचायतीकडून प्रशासनाने एका ऑर्डरने काढून घेतली. उरलं काय ते तुम्हीच बघा.

टुरिझमचा मुद्दा मात्र नीट बघायला पाहिजे कारण त्यात अर्धं खरं आहे. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान तिथे गेले, फोटो आले, मालदीवचा वाद झाला, सगळे चलो लक्षद्वीप करायला लागले. त्याच दौऱ्यात कोचीहून समुद्राखालून टाकलेल्या इंटरनेट केबलचं उद्घाटन झालं, हजार कोटींच्या वरचं काम, आणि बेटावरच्या पोरांना त्याचा उपयोगच आहे. दिल्लीच्या सरकारने चांगलं केलं ते चांगलंच म्हणायचं. पण यातूनही तेच सिद्ध होतं ना, की केबल येणार की नाही हे पण दिल्लीच ठरवते. कोचीला जायचं जहाज, त्याचं तिकीट, पेशंटला न्यायचं हेलिकॉप्टर, सगळं. आणि रिसॉर्टला विरोध का, तर सगळ्या बेटांची मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर. आपला जळगाव जिल्हा 11,765. प्रवाळाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर, तो जास्त उपसला की खारं पाणी वर येतं, म्हणून तर राजधानीच्या कवरत्ती बेटावर 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट चालवावा लागतो. आपण यावल-रावेरला बोअर पाचशे-सातशे फूट खाली नेत बसलोय, पाण्याची भीती आपल्याला वेगळी समजवायला नको. ते पर्यटक नको म्हणत नाहीयेत, किती यावेत आणि जमीन कोणाच्या नावावर राहील हे आम्हाला विचारा म्हणतायत.

राहिलं शेवटचं, की त्यांची संख्या एवढीशी. तर त्यातलं सगळ्यात छोटं वस्तीचं बेट बित्रा, 2011 च्या जनगणनेत 271 माणसं. जुलै 2025 मध्ये हे अख्खं बेट संरक्षणाच्या कामासाठी ताब्यात घ्यायचा प्रस्ताव निघाला, त्यासाठी सामाजिक परिणाम तपासायची नोटीस आली. देशाच्या सुरक्षेला माझा विरोध नाही, माझा चुलतभाऊ फौजेत आहे. पण त्या 271 जणांच्या बाजूने उभा राहिला तो त्यांचा एकुलता एक खासदार, आणि तो विरोधी पक्षातला. निर्णय घेणारं खातं दिल्लीत, त्या खात्याचा मंत्री कोण हे ठरणार लोकसभेच्या निकालावर. आपल्यासाठी निकालाचा दिवस म्हणजे टीव्हीसमोर चहा. त्यांच्यासाठी घर राहील की नाही हा प्रश्न त्याच दिवसाशी बांधलेला आहे.

भाऊ, मेसेज डिलीट कर असं म्हणत नाही. ज्या ज्या ग्रुपवर तो टाकला तिथे हे पण टाक एवढंच.